नाव टाकलेला माल

दुकानात न विकलेला माल दिवाळीच्या आधी सेल लावून काढून टाकता येतो. किस्से तसे काढून टाकता येत नाहीत. ते एकावर एक पडत जातात आणि खालचा एक ओढायला गेलं की वरचे चार घरंगळतात. परवा एका लग्नात जुने दोस्त भेटले. त्यातल्या एकानं जिलेबी खाता खाता विचारलं, "काय बे, तू चिखलीत नेमकं विकत काय होता?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, भांड्यांच्या दुकानात बसून कॉम्प्युटर! त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मग सांगत बसलो. पंगत उठली, वाढपी आमच्याकडे डोळे वटारून पाहायला लागले, तरी माझं संपेना. शेवटी म्हटलं, हे एकदा लिहूनच टाकावं.

*

आधी दुकान सांगतो, बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीचं. मालकाचं नाव दिनकरशेठ, पण बाजारपेठेत नुसतं शेठ म्हटलं की कळायचं. दुकानात शिरलं की डाव्या हाताला भांडी. हंडे, घागरी, पिंपं, पराती, डब्यांच्या उतरंडी. उजव्या हाताला रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर आणि नुकतेच यायला लागलेले रंगीत टीव्ही. पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण आसपासच्या गावांत सगळे 'भांडी-रेडिओवाले' एवढंच म्हणत. घरात लग्न निघालं की माणूस सरळ तिथं यायचा. डावीकडून मुलीसाठी भांडी घ्यायचा आणि उजवीकडून जावयासाठी रेडिओ, एका खेपेत काम व्हायचं.

त्या काळात पुण्याची एक कंपनी घरगुती कॉम्प्युटर बनवत होती. आता सांगितलं तर हसाल. एक जाडजूड कीबोर्ड, आणि सगळं यंत्र त्याच्याच पोटात. त्याला पडदा नव्हता, तो टीव्हीला जोडायचा. कंपनीला तालुक्याच्या गावात शोरूम टाकणं झेपत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं की टीव्ही विकणाऱ्या दुकानातच आपलं काउंटर लावायचं. मशीन कंपनीचं आणि माणूसही कंपनीचा. जागा, वीज आणि टीव्ही दुकानदाराचा. कंपनीचा माणूस म्हणजे मी. बुलडाण्याचा, नुकताच डिप्लोमा झालेला, टाय बांधता न येणारा!

करार करायला पुण्याहून मॅनेजरसाहेब आले. त्यांनी सगळ्या अटी वाचून दाखवल्या आणि शेवटी बजावलं, की या मशीनला धूळ अजिबात चालत नाही. तेवढ्यात दुकानासमोरून मेहकरची एसटी गेली. सगळी धूळ आत येऊन साहेबांच्या फाइलवर बसली. शेठनं ती फडक्यानं पुसून दिली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, धूळ आम्हाले तरी कोठी चालते? पण राह्यलो ना इथी."

कंपनीनं मशीनसाठी कव्हर पाठवायचं कबूल केलं होतं. ते कधीच आलं नाही. मग शेठनं भांड्यांच्या बाजूनं स्टीलची सगळ्यात मोठी परात आणली आणि दुकान बंद करताना मशीनवर पालथी घातली. माप असं जुळलं की जणू परात त्यासाठीच घडवली होती. रोज सकाळी मी आलो की आधी परात उचलायची आणि मग कॉम्प्युटर चालू करायचा. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ही स्टेप नव्हती.

*

पहिल्या आठवड्यात जवळच्या उंद्री गावच्या एक मावशी आल्या. त्यांना घागर हवी होती. आमच्याकडे घागर कशी घेतात हे तुम्हाला ठाऊक असेल. आधी ती उचलून बघायची, मग बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि कान लावायचा. टण्णकन वाजली तर धड, बद्द वाजली तर तडकलेली. मावशींनी ओळीनं सगळ्या घागरी वाजवल्या, एक बाजूला काढली आणि तशाच वाजवत वाजवत माझ्या काउंटरपर्यंत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरलाही टिचकी मारली.

कान लावला. पुन्हा मारली. चेहरा वाकडा केला.

"शेठ, हे तडकेल हाय. बद्द वाजते."

मला हसू फुटत होतं. शेठ मात्र हसले नाहीत. गिऱ्हाइकाला ते कधीच हसत नसत. त्यांनी मावशींना समजावलं, की हे प्लॅस्टिकचं आहे आणि याच्या आत डोकं आहे, म्हणून आवाज तसा येतो. मावशी विचारात पडल्या. मग घागर कमरेवर घेऊन जाता जाता म्हणाल्या, "डोकं हाय तं मंग टण्णकन वाजाले पाह्यजे होतं."

त्या दिवसापासून शेठ रोज सकाळी माझ्या मशीनला एक टिचकी मारायचे. काऊन मारता, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय."

*

भांड्यांच्या बाजूला दारापाशी साळवेमामा बसत. त्यांचं काम एकच, भांड्यांवर नावं टाकणं. हातात विजेची सुई, घर्र घर्र आवाज, आणि स्टीलवर गोल गोल, मोत्यांसारखं अक्षर. येणारे ओळखीचे त्यांना 'जय भीम मामा' करून जात आणि मामा मान न उचलता 'जय भीम' म्हणत, कारण मान उचलली तर वेलांटी बिघडायची. नाव टाकायच्या आधी ते गिऱ्हाइकाकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे. का, तर दुकानाचा नियमच तसा होता. नाव टाकलेला माल परत घ्यायचा नाही. कुणाचाही, कशाहीमुळे.

हा नियम किती पक्का होता, ते मी एका पिंपामुळे पाहिलं. जवळच्याच गावातला एक मामा भाचीच्या लग्नासाठी स्टीलचं पिंप घेऊन गेला होता. त्यावर नाव टाकलेलं, 'चि. सौ. कां. सुमन हिस मामाकडून सप्रेम भेट'. पुढे साखरपुड्यात फेटा बांधताना म्हणे त्याला दुसऱ्या नंबरला बांधला. मामा चिडला. लग्नाला येणार नाही म्हणून सांगून टाकलं आणि पिंप सायकलला बांधून थेट दुकानात आला. म्हणाला, परत घ्या.

शेठनं त्याला बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, सुमन नावाची दुसरी भाची आहे का? तो म्हणाला, नाही. सुमनला दुसरा मामा आहे का? तोही नाही.

"मंग हे पिंप मी कोणाच्या घरी धाडू?"

मामा पिंपावरच्या अक्षरांकडे बराच वेळ बघत बसला. चहा संपवला, पिंप पुन्हा सायकलला बांधलं आणि निघून गेला. लग्नात मुलीला हाताला धरून मांडवात त्यानंच आणलं, असं नंतर कळलं. आमच्या कंपनीची वॉरंटी वर्षाची होती. शेठच्या नियमाला मुदतच नव्हती. मी शेठकडे त्या दिवसापासून जरा मान वर करून बघायला लागलो.

*

आता भोंग्याची गंमत. आमच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर यायचे. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, वायरनं मशीनला जोडायची आणि प्ले करायचं. मशीनला त्यातलं कळायचं. माणसानं ऐकलं तर नुसतं कर्रर्र, चींऽऽ, घुर्रर्र! दातांत कळ जाईल असा आवाज.

आणि दुकानाच्या दारावर भोंगा होता. बाजाराच्या दिवशी शेठ त्यावर भक्तिगीतं लावायचे. एका बाजाराच्या दिवशी मी डेमो देऊन जेवायला गेलो आणि माझी कॅसेट टेपमध्येच राहिली. शेठनं नेहमीप्रमाणे बटण दाबलं.

मी खानावळीत होतो, तिथंपर्यंत ऐकू आलं. घास तसाच टाकून पळत आलो. अख्खा बाजार थांबलेला! भाजीवाल्यांचे तराजू हातात लटकलेले, बैलांनी कान टवकारलेले, आणि शेठ भोंग्याखाली उभे, चेहऱ्यावर भक्तिभाव. मी टेप बंद केला. शेठ म्हणाले, "मले वाटलं, आता गाणं सुरू होईन."

मी मान खाली घालून उभा होतो, तेवढ्यात गर्दीतून एक पाहुणे पुढे आले. संग्रामपूरकडचे शेतकरी, सोयऱ्यांकडे आलेले. त्यांनी विचारलं, ही कॅसेट विकत मिळते का? त्यांचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी. मक्यात रानडुकरं येतात, फटाके फोडले, पत्रे वाजवले, तरी जात नाहीत. पण हा आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता, तर डुकरांनी कुठून ऐकला असणार? मी त्यांना एक कॉपी काढून दिली.

पुढच्या हंगामात ते पुन्हा आले, पिशवीभर कणसं घेऊन. डुकरं त्यांच्या मक्यात फिरकली नव्हती. ती शेजाऱ्याच्या मक्यात गेली होती, आणि आता शेजाऱ्यालाही कॅसेट हवी होती!

महिन्याच्या रिपोर्टमध्ये मी प्रामाणिकपणे लिहिलं, सॉफ्टवेअर विक्री आजवर दोन. साहेबांचा पुण्याहून फोन आला. इतर कुठल्याच तालुक्यात सॉफ्टवेअर विकलं गेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कुठल्या क्षेत्रात? मी म्हटलं, शेती. पुण्याच्या मीटिंगमध्ये म्हणे त्यांनी बुलडाणा जिल्ह्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या.

*

दुपारी जेवण झालं की शेठ घरी जाऊन पडायचे. तेव्हा गल्ल्यावर त्यांची सून बसे. वंदना वहिनी. नवरा रमेश माल आणायला बहुतेक बाहेरगावी असायचा. वहिनींचं माहेर बीबी गावचं, आणि बी.एस्सी. अर्ध्यात सोडून लग्न झालेलं. दुपारी गिऱ्हाईक नसे. साळवेमामा भिंतीला टेकून डुलकी काढत, मी पेपर वाचत बसे आणि वहिनी डबे पुसत. बरेच दिवस त्यांनी माझ्या मशीनकडे बघितल्याचं दाखवलं नाही. मग एके दुपारी डबा पुसता पुसता विचारलं, "भाऊ, याले मराठी येत नाही काय?"

येत नव्हती. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं होती. पण त्याच्या पुस्तकात एका कोपऱ्यात लिहिलं होतं, की हवं तर आपल्या मनाचं चित्र बनवता येतं. आठ ठिपके आडवे, आठ उभे, त्यातले हवे ते पेटवायचे. मी ते त्यांना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे ठिपक्यायची रांगोळीच." आणि पुन्हा डबे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुडीचे कागद सपाट करून त्यावर ठिपके मांडून आणले होते. सगळी मुळाक्षरं! ज्ञ तेवढा जमत नव्हता, तो आठ ठिपक्यांत मावेना. मी एकेक चौकट मशीनला शिकवायला लागलो. कशी शिकवायची ते त्यांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, सरका. आणि मग टीव्हीवर 'अ' आला. हंड्यांच्या शेजारी, चिखलीच्या बाजारात, काळ्या पडद्यावर पांढरा शुभ्र 'अ'. मी कॉम्प्युटर विकणारा माणूस, रोज तेच बघणारा. पण खरं सांगतो, मी उभाच राहिलो.

अक्षरं झाल्यावर त्यांनी पहिलं नाव टाकलं, इंदू. टीव्ही भरून, मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, ही कोण?

"मीच. माहेरचं नाव हाय. लग्नात ताटात तांदूळ पसरले अन् अंगठीनं वंदना लिह्यलं. गुरुजीनं व अक्षर काढलं होतं, मामंजीनं नाव ठेवलं. तवापासून हे बंद."

त्या बोलल्या साधंच, तक्रार म्हणून नव्हे. पण पडद्याकडे बघायच्या थांबेनात. थोड्या वेळानं त्यांनीच बटण दाबलं आणि नाव गेलं. वीज गेली की हे मशीन सगळं विसरतं, हे त्यांना माहीत होतं. अक्षरं तेवढी कॅसेटवर ठेवली होती.

टीव्हीचं तोंड रस्त्याकडे होतं, जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसावं म्हणून. पाच मिनिटांनी शेठ आले. त्या दिवशी झोप लवकर उघडली असावी. गल्ल्यावर बसत एवढंच म्हणाले, की दुपारचा टीव्ही चालू ठेवत जा, लोक पाहतात.

*

मग लोक खरंच पाहायला लागले. बातमी पसरली की भांडी-रेडिओवाल्याकडे टीव्हीवर आपलं नाव येतं. त्या वेळी टीव्हीवर नाव कुणाचं यायचं? मंत्र्याचं, नाहीतर खेळाडूचं. आणि इथं कुणीही यावं, नाव सांगावं, वहिनींनी टाकावं आणि अख्ख्या रस्त्याला दिसावं. बाजाराच्या दिवशी तर दारापर्यंत रांग. भांड्यांच्या दुकानात वाढलेली माणसं, त्यामुळे कुणी म्हणायचं, नाव 'टाकून द्या', घरी नेतो. नेणार काय, कपाळ!

एक म्हातारे बाबा आले, काठी टेकत. वाचता येत नव्हतं. वहिनींनी नाव टाकलं, नामदेव. बाबांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग वहिनींना वेगळं विचारलं. त्यांनी तेच वाचलं. तरी खात्री पटेना, म्हणून दारापाशी जाऊन साळवेमामांना हात धरून आणलं. मामांनीही तेच वाचलं. तेव्हा कुठे बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून नीट उभे राहिले आणि म्हणाले, "तिघं बी तेच म्हणतात, तं मीच असन." आणि बघत राहिले. मागच्या रांगेतलं कुणीही त्यांना सरका म्हणालं नाही.

पुढच्या बाजाराला ते बायकोला घेऊन आले. आजी पदर तोंडाशी धरून उभ्या. वहिनींनी नाव विचारलं तर त्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, त्यांचंच टाका. बाबा ऐकेनात. बऱ्याच वेळानं आजींनी वहिनींच्या कानात सांगितलं. टीव्हीवर नाव आलं, सखुबाई. आलं आणि लाइट गेली!

सगळ्या दुकानानं हळहळ केली. वहिनींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, आजी, थोडं बसा, लाइट आली की पुन्हा टाकते. आजी पदर सावरत उठल्या.

"पाह्यलं मी. झालं माझं."

आणि बाबांच्या पुढे चालायला लागल्या. पुढे, हां! मी त्या दोघांना एसटी स्टँडच्या वळणापर्यंत बघत राहिलो.

*

एवढं सगळं झालं, पण कॉम्प्युटर एकही विकला गेला नाही. घ्यायचं कुणाच्या मनातच येत नसे. एक दालमिलवाले अगदी घेण्यापर्यंत आले होते. मग म्हणाले, घरी नेऊन करू काय, नाव तर इथंच दिसतं, फुकट.

शेवटी पुण्याहून साहेब आले. गर्दी बघून आधी ते हरखले. वहिनींनी त्यांचं नाव टाकलं, तर साहेबांनी टाय सारखा केला आणि टीव्हीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मग बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, की गर्दी भरपूर, विक्री शून्य. काउंटर बंद. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो, डिस्प्लेचं मशीन परत न्यायचं. तोवर एखादं खपलं तर ठीक.

माझं काय, मला अकोल्याला टाकणार होते. तिथंही काउंटरच. पण वहिनींचं काय? त्या दुपारी त्यांनी टीव्ही लावला नाही, डबेच पुसत राहिल्या. पुसलेले डबे पुन्हा पुसत होत्या. साळवेमामांची डुलकीही त्या दिवशी लागली नाही. संध्याकाळी मी निघताना वहिनींनी विचारलं, "भाऊ, माझी कॅसेट तं राह्यते ना माझ्यापाशी?"

मी म्हटलं, राहते की. आणि मग माझंच मला ऐकू आलं. मशीनच नसेल, तर त्या कॅसेटचं त्या करणार काय? रानडुकरं हाकलणार? सगळी मुळाक्षरं त्यात होती, पण टेपमध्ये घालून ऐकली तर नुसतं कर्रर्र. त्यांनाही ते माहीत होतंच. वाईट याचं वाटलं, की तरी त्यांना ती हवी होती.

शेठ गल्ल्यावर बसून सुतळी गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

तो आठवडा मी जीव तोडून हिंडलो. कॉलेजात गेलो, बँकेत गेलो, एका डॉक्टरांच्या घरी दोनदा गेलो. सगळ्यांनी कौतुक केलं आणि चहा पाजला. कुणी घेतला नाही. वहिनी त्या आठवड्यात माझ्या काउंटरकडे आल्याच नाहीत. दालमिलवाले मात्र रोज येऊन विचारायचे, आज नाव नाही काय?

*

साहेब आले ते दुपारीच आले. जीप दारात लावली, थर्माकोलचा खोका आत आणला. वहिनी भांड्यांच्या उतरंडीमागे बसल्या होत्या. दिसत नव्हत्या, पण डबे पुसल्याचा आवाज येत होता. शेठ त्या दिवशी झोपायला घरी गेले नव्हते. साळवेमामा आपली विजेची सुई उघडून तिच्यावर फुंकर मारत बसले होते, नाव टाकायला समोर एकही भांडं नव्हतं.

आदल्या दिवशी मी अकोल्याची खोली बघायला गेलो होतो तो त्या दुपारीच परतलो, त्यामुळे परात सकाळपासून तशीच पालथी होती. साहेब म्हणाले, चला, आटपा. मी दोन्ही हातांनी परात उचलली.

मशीनवर, बटणांच्या वर, जिथं कंपनीचं नाव होतं त्याच्याच खाली, साळवेमामांच्या गोल अक्षरात एक ओळ कोरलेली होती. प्लॅस्टिकवर अजून बारीक भुगा होता.

'चि. सौ. इंदू हिस सासऱ्यांकडून सप्रेम भेट.'

माझ्या हातात परात तशीच राहिली. खाली ठेवायचं सुचेना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे डिस्प्लेचं मशीन आहे, कंपनीची प्रॉपर्टी आहे, याच्यावर कुणी हात लावला, असं ते बरंच काही बोलले. आवाज चढला. शेठनं त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं. गिऱ्हाइकाचं ते नेहमीच होऊ देत.

मग म्हणाले, "साहेब, नाव टाकेल माल आमच्यात परत जात नसते."

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, आणि ही इंदू कोण?

शेठ उठले, गल्ल्याची खुर्ची फडक्यानं पुसून रिकामी केली आणि भांड्यांच्या उतरंडीकडे तोंड करून हाक मारली.

"इंदू, ये माय. साहेबाचं बिल चुकतं कर."

डबे पुसल्याचा आवाज थांबला.

"आले, मामंजी."